चेनचा झोळ किती असावा?

बरोबर लावलेली डर्ट बाइकची चेन नवख्या माणसाला नेहमी ढिली वाटते. गाडी स्टँडवर उभी असते, चेनची खालची बाजू किंचित लोंबत असते, बोट लावलं की वरखाली होते. रस्त्यावरची गाडी वापरणाऱ्याचा हात मग आपसूक पान्याकडे जातो. त्यातून गाडी मुलांसाठीची, 50 किंवा 110 सीसीची असेल तर आणखी घाईने जातो, कारण तिच्यावर आपलंच पोर बसणार असतं. छोट्या गाड्यांच्या चेनचं जे नुकसान मी पाहत आलो, त्यातलं बरंचसं या काळजीपोटी झालेलं होतं.

पुढचा संवाद मी रचलेला आहे, त्यातला वाद मात्र गॅरेजांतून रोज चालतो. ताई तंत्रनिकेतनात शिकवतात. त्यांची दहा वर्षांची मुलगी कावासाकी केएलएक्स 110 चालवते. या गाडीला पुढे 14 इंची आणि मागे 12 इंची चाक, चार गिअर, हाताचा क्लच नाही, दोन्ही ब्रेक ड्रमचे आणि 420 मापाची चेन. अण्णांचं नाशिकच्या बाजूला गॅरेज आहे आणि शर्यतीच्या गाड्या लावून देण्यात त्यांची हयात गेली आहे. ताई पट्टी आणि पुस्तक मानतात, अण्णा बोट आणि कान.

ताई : अण्णा, गाडी दिलीत तेव्हा चेन करून दिली म्हणालात. घरी पट्टी लावून पाहिली. पुस्तकातल्या मापापेक्षा 8 मिलिमीटर झोळ जास्त आहे.

अण्णा : कुठे मोजलंत?

ताई : खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटांच्या बरोबर मध्ये. बोटाने वर दाबली, मग खाली ओढली, दोन्ही टोकांमधलं अंतर घेतलं. तसंच मोजायचं ना?

अण्णा : जागा बरोबर, रीत बरोबर. पण चाक फिरवून किती ठिकाणी मोजलंत?

ताई : एकाच ठिकाणी.

अण्णा : मग तुम्हाला ढिली जागा सापडली. चाक हाताने हळूहळू फिरवा आणि दर वीतभर अंतरावर बोट लावा. कुठेतरी चेन एकदम कडक होईल. जुन्या चेनच्या सगळ्या कड्या सारख्या झिजत नाहीत. मी माप त्या कडक जागी धरलंय. तिथे तुमच्या पुस्तकातला आकडाच निघेल.

ताई : आणि ढिल्या जागी 8 मिलिमीटर जास्त? मग ही चेन लावून देण्यासारखी राहिलीच कशी? एकाच चेनमध्ये इतका फरक म्हणजे ती असमान झिजली. तुम्ही माप बरोबर घेतलंत, पण चुकीच्या चेनवर घेतलंत.

अण्णा : एवढा मोसम निघाला असता ताई.

ताई : मोसमाचं सोडा. 420 चेनचा पिच अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. 20 पिचांची लांबी नवी असताना 254. चेन ताणून धरून पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजायचं. 259 भरली की 2 टक्के वाढली. मग ती काढायची. कालच मोजली, 258 आहे.

अण्णा : मग बदलू. यात वाद नाही.

अण्णा इथे लगेच मान्य करतात ते उगाच नव्हे. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं गेलेलं नसतं. प्रत्येक जोडात पिन आणि तिच्याभोवतीची बुश घासून झिजतात आणि शंभराच्या आसपास जोडांची ती किंचित झीज एकत्र होऊन लांबी वाढलेली दिसते. मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस माणसाने 1880 मध्ये बुश असलेली रोलर चेन बनवली, ती झीज मोठ्या पृष्ठभागावर वाटली जावी म्हणूनच. आजची चेन तीच आहे. शहरी गाडीच्या बऱ्याच चेनमध्ये जोडांना रबरी कडी असते, ती आतलं ग्रीस राखते. छोट्या डर्ट बाइकच्या चेनला बहुधा ती नसते. धूळ सरळ पिनपर्यंत पोचते, म्हणून ही चेन लवकर वाढते आणि तिचा झोळ दर वेळी गाडी काढण्याआधी तपासावा लागतो.

अण्णा : नवी चेन आणताना एक सांभाळा. दुकानदार 428 देईल, म्हणेल पिच तोच आहे. पिच तोच आहे खरा, पण 420 ची आतली रुंदी पाव इंच आणि 428 ची 5/16 इंच. दातांवर बसेल आणि आडवी डुलत राहील. आणि स्प्रॉकेटही बघा. मागच्या टोकाला चेन बोटाने मागे ओढून पाहा. दात अर्धा उघडा पडत असेल, तर चेनबरोबर स्प्रॉकेटही बदलायचं. नाहीतर जुने दात नवी चेन महिन्यात खातात.

ताई : बदलते. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. नवी चेन लावल्यावर तुम्ही ती पुस्तकातल्या मापाच्या ढिल्या टोकाला ठेवणार, मला माहीत आहे. मला ती ताठ टोकाला हवी. चेन उतरली तर ती पोरीच्या पायाशी आहे.

अण्णा : उतरलेल्या चेनला घाबरताय ते बरोबरच आहे. वाईट उतरली तर ती पुढच्या स्प्रॉकेट आणि इंजिनाच्या केसमध्ये गोळा होते, केस फुटतो, मागचं चाक जाम होतं. मी पाहिलंय. पण ताठ चेनलाही घाबरा. ती आवाज न करता खाते.

ताई : काय खाते?

अण्णा : आधी पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील. तिथे तेलाचा ओला डाग दिसला की माझा पहिला प्रश्न असतो, चेन कोणी आवळली? मग गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग. मग मागच्या चाकाची बेअरिंगं. त्याआधी चेन स्वतः. आणि सगळ्यांत आधी शॉक नीट दबायचा थांबतो. पोरगी म्हणते गाडी उडते, आणि बाप शॉक बदलायला निघतो.

ताई : शॉकचा संबंध मला कागदावर पटतो. पुढचं स्प्रॉकेट इंजिनाला पक्कं. स्विंगआर्म...

अण्णा : चिमटा.

ताई : हो, चिमटा. तो ज्या बोल्टवर हलतो तो स्प्रॉकेटच्या मागे काही सेंटिमीटरवर. मागचं चाक त्या बोल्टभोवती कमानीत फिरतं, पण चेन सुरू होते स्प्रॉकेटपासून. दोन्ही केंद्रं एक नाहीत. म्हणून चाक वर येताना दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर बदलतं. स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका सरळ रेषेत आले की ते अंतर सर्वांत जास्त. चेन तिथे सर्वांत ताठ. चाक त्याहून वर गेलं तर ती पुन्हा सैल होऊ लागते.

अण्णा : हे तुम्ही कागदावर पाहिलंत, मी शॉकचा खालचा बोल्ट काढून पाहतो. चाक हाताने उचलत न्यायचं, एका ठिकाणी चेन ताठ होते, तिथे थांबायचं. तिथे जी काही मोकळी चाल उरते तीच खरी. बाकी स्टँडवरचा झोळ म्हणजे त्या एका जागेसाठी राखून ठेवलेली शिल्लक.

ताई : पण माझी मुलगी 30 किलोची आहे. तिच्या वजनाने शॉक तळापर्यंत कुठे दबणार? मग तिच्यापुरती चेन थोडी ताठ असली तर काय बिघडतं?

ताईंचा हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो आणि मुलांच्या गाड्यांच्या बाबतीत तो सर्रास ऐकू येतो. वजन कमी, म्हणजे शॉक कमी दबणार, म्हणजे झोळ कमी चालेल. चूक एकाच गृहीतकात आहे. सर्वांत ताठ जागा शॉकच्या तळाशी असते, असं त्यात धरलेलं आहे.

अण्णा : ती रेषा तळाशी नसते. बहुतेक गाड्यांत ती मध्येच कुठेतरी येते. कित्येकदा हलकं पोर बसून एखाद्या खड्ड्यावरून गेलं तरी गाठली जाते. आणि उडी मारून खाली आल्यावर 30 किलोचे 30 किलो राहत नाहीत.

ताई : थांबा, आकडे घालून बघते. उदाहरणादाखल स्प्रॉकेटच्या केंद्रापासून चिमट्याचा बोल्ट 70 मिलिमीटर, तिथून एक्सल 380. सरळ रेषेत एकूण 450. चिमटा रेषेच्या 10 अंश खाली असताना अंतर 449.1. म्हणजे फरक 0.9 मिलिमीटर.

अण्णा : एवढाच?

ताई : एवढाच. पण तो वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना लागू होतो, आणि बोटाने दाबताना वरची बाजू ताठ होऊन सगळी जादा लांबी खाली येते. मध्यावर त्याची वरखाली चाल होते सुमारे 40 मिलिमीटर. म्हणजे रेषेत अगदी ताठ असलेली चेन स्टँडवर 40 मिलिमीटर हलताना दिसेल. अण्णा, स्टँडवर ढिली दिसणारी ही चेन प्रत्यक्षात काठावर आहे!

अण्णा : तेच तर सांगतोय मघापासून.

ताई : तुम्ही कारण सांगत नव्हता, बोट दाखवत होता. अजून एक गंमत यातून निघते. 8 मिलिमीटरच्या बोल्टचा नेहमीचा आटा 1.25 मिलिमीटरचा असतो. ॲडजस्टर पाव फेरी फिरवला की एक्सल 0.3 मिलिमीटर सरकतो. चेन पूर्ण ताठ असेल तर पहिल्या पाव फेरीने सुमारे 24 मिलिमीटर चाल मिळते. पुढची पाव फेरी मात्र 10 च देते.

अण्णा : म्हणून मी पाव फेरीच्या वर पाना कधी फिरवत नाही. तीही दोन्ही बाजूंना सारखी. ताठ टोकाच्या जवळ अर्धी फेरी फार मोठी गोष्ट आहे.

मला या संवादातली सर्वांत मोलाची जागा हीच वाटते. झोळ आपल्याला डोळ्यांना मोठा दिसतो, पण एक्सलच्या हिशेबात तो केसभर असतो. ताईंच्या आकडेमोडीप्रमाणे स्टँडवरची 40 मिलिमीटर चाल म्हणजे जेमतेम 0.9 मिलिमीटर. ‘जरा आवळून ठेवू’ म्हणणाऱ्याला आपण किती उरलं आणि किती संपवलं हे दिसत नाही. कंपनीने पुस्तकात दिलेला आकडा त्या विशिष्ट गाडीचा चिमटा, शॉकची चाल आणि स्प्रॉकेटांचे आकार धरून काढलेला असतो. तो कशासाठी आहे हे कळलं की तो पाळायला जड जात नाही.

ताई : आता तुमच्या बोटांकडे येऊ. तीन बोटांचा नियम तुम्ही सगळ्या पोरांना शिकवता. चिमटा आणि चेन यांच्यामध्ये तीन बोटं गेली की झालं. कोणाची बोटं? तुमची की माझ्या मुलीची?

अण्णा : तो नियम मोठ्या गाड्यांचा आहे, मान्य. केटीएमच्या एन्ड्युरो गाड्यांत झोळ 55 ते 58 मिलिमीटर ठेवायला सांगतात, तोही वरच्या बाजूला, चिमट्यावरचं प्लास्टिक जिथे संपतं तिथे चेन वर ओढून. तिथे तीन बोटं बसतात. त्या गाड्यांच्या चाकाची चाल 300 मिलिमीटरच्या आसपास, तुमच्या 110 ची 110 च्या आसपास. तिला तीन बोटं लावली तर चेन उतरेल.

ताई : मग पोरांना ते का सांगता?

अण्णा : मोठ्या पोरांना सांगतो. छोट्या गाडीचं बोट मी वेगळं धरतो. आधी माप पट्टीने लावायचं, मग बोट घालून बघायचं की या गाडीत ते किती जातं. पुढे रोज ट्रॅकवर तेवढंच तपासायचं. तिथे चिखलात उकिडवं बसून पट्टी कोण वाचणार?

ताई : म्हणजे बोट पट्टीवरून ठरलं. मग माझी तक्रार नाही.

ताईंची तक्रार मिटली तरी माझी थोडी उरते. बोटाचा अंदाज त्याच गाडीपुरता, त्याच बोटापुरता असतो, हे सांगायचं राहून जातं आणि नियम गाडी सोडून भटकत राहतो. रस्त्यावरच्या, 20–30 मिलिमीटर झोळाच्या गाडीवर बसलेली सवय 110 वर येते, मोठ्या एन्ड्युरोची तीन बोटं 50 सीसीवर येतात. दोन्ही ठिकाणी नियम खरा आणि गाडी चुकीची.

प्रत्यक्ष काम अण्णांनी ताईंच्या हातून करून घेतलं. पायऱ्या इथे विस्ताराने लिहीत नाही, कोणत्याही पुस्तकात त्या असतात: मागचं चाक अधांतरी, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, एक्सलचा नट सैल, दोन्ही ॲडजस्टर सारखे. पण तीन ठिकाणी अण्णा थांबले आणि ती तीन ठिकाणं महत्त्वाची आहेत.

अण्णा : चाक फिरवताना बोट चेनखालून पुढे जाऊ द्यायचं नाही. फिरवायचं हातानेच, टायरला धरून. इंजिन चालू करून चेन पुसणाऱ्यांची बोटं मी पाहिली आहेत. हे पोरीला आधी शिकवा, पाना नंतर.

ताई : आणि चिमट्यावरच्या खुणा? डावी-उजवी सारखी आली की चाक सरळ?

अण्णा : खुणांवर पूर्ण भरवसा नको. चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. मग मागे बसून चेनच्या वरच्या बाजूवरून नजर लावा. ती स्प्रॉकेटमधून सरळ गेली पाहिजे, मध्येच वळायला नको.

ताई : आता नट आवळते.

अण्णा : आवळण्याआधी मागच्या स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये जाड फडकं दाबा आणि चाक हाताने थोडं मागे फिरवा. एक्सल पुढे ओढला जाऊन ॲडजस्टरला टेकतो. हात लांब ठेवा. हां, आता आवळा. आवळलात? आता परत मोजा.

ताई : 5 मिलिमीटर कमी झालं!

अण्णा : होतंच. नट आवळताना एक्सल किंचित हलतो. केसभर हलला की झोळ केवढा बदलतो हे तुम्हीच मघाशी काढून दाखवलंत. म्हणून शेवटचं माप नट आवळल्यानंतरचं. त्याआधीचं माप मी धरतच नाही.

दुसऱ्या खेपेला माप बसलं. तिसरी थांबण्याची जागा मागच्या ब्रेकची होती आणि ती घरी चेन लावणारे हमखास विसरतात. ड्रम ब्रेकची सळई पायाच्या पॅडलपासून चाकापर्यंत जाते. एक्सल मागे सरकला की ड्रमची प्लेटही मागे जाते, सळई ताणली जाते आणि पॅडलची मोकळी चाल कमी होते. चेन नीट लावली आणि ब्रेक तसाच सोडला, तर तो चालताना किंचित धरून ठेवतो, तापतो, आणि पोर म्हणतं गाडी पळत नाही. ताईंनी चाक हाताने फिरवून पाहिलं, घासत होतं. सळईच्या टोकाचा नट थोडा सैल केला, तेव्हा ते मोकळं फिरलं. डिस्क ब्रेकवाल्या मोठ्या गाडीत ही भानगड नसते, म्हणून मोठ्या गाडीवर शिकलेला माणूस इथे चुकतो.

चेनच्या लॉकची क्लिप ताईंनी स्वतःच बरोबर बसवली: बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला. उलट बसली तर काडी-कचरा लागून उघडू शकते. अण्णा फक्त बघत राहिले.

एक वाद मात्र शेवटपर्यंत सुटला नाही.

अण्णा : पाऊस सुरू झाला की मी या मापावर थोडं जास्त ठेवणार.

ताई : का? पुस्तकात पावसाचं वेगळं माप नाही.

अण्णा : पुस्तक लिहिणाऱ्याने आपली काळी माती पाहिली नसेल. दोन फेऱ्यांत ती दातांच्या खाचांत भरते, रोलर दाताच्या तळाशी बसतच नाही, मातीवर बसतो. चेन स्वतःहून ताठ होते. कोरड्यात बरोबर असलेली चेन चिखलात काठावर येते. मोठ्या शर्यतींतही चिखल असला की मेकॅनिक थोडी ढील देतात.

ताई : मोठ्या शर्यतीत फेरी संपली की मेकॅनिक उभा असतो. इथे माझी मुलगी तासभर एकटी फिरणार. माती गळून पडली की तीच चेन जास्त ढिली होणार, आणि उतरण्याचा धोका तेव्हाच. मी मापाच्या ढिल्या टोकापर्यंत येईन, त्यापलीकडे नाही. त्याऐवजी दर थोड्या वेळाने थांबवून काडीने माती काढायला लावीन.

अण्णा : ती काढेल?

ताई : काढेल. चेनसाठी थांबायचं हे तिला कळलं, तर मला बाकी काही नको.

अण्णा : मी माझ्या गाड्यांना तरी 5 मिलिमीटर जास्तच देणार.

माझा कौल इथे ताईंकडे आहे, आणि तो चालवणाऱ्याच्या वयामुळे आहे. अनुभवी स्वार चेनचा आवाज बदलला की ओळखतो, चिमट्यावर फटके बसू लागले की गाडी बाजूला घेतो. दहा वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षा करू नये. मापाच्या आत राहून माती वारंवार काढणं हे तिच्यासाठी जास्त सुरक्षित आहे. पण ताठ टोकाकडे सरकणं पावसात कोणालाच परवडणार नाही, इथे अण्णांचा अनुभव निर्विवाद आहे. पावसात ज्याला ढील द्यायची नसेल, त्याने निदान काळ्या मातीत गाडी नेण्याआधी माप मधल्या आकड्यापेक्षा खाली येऊ देऊ नये.

ताई : नवी चेन आहे. पुन्हा कधी मोजू?

अण्णा : पहिल्या दिवशी गाडी थंड झाली की लगेच. नवी चेन सुरुवातीला भराभर बसते, मग सावकाश. आणि कडक जागा पुन्हा शोधा, नव्या चेनमध्येही थोडी असते. तिथेच मोजा.

ताई : आणि माप वाढलेलं दिसलं तर?

अण्णा : पाव फेरी. मग नट आवळा, मग परत मोजा, मग ब्रेक बघा.